सुयांची उशी

ता. ३, मंगळवार, सकाळ

प्रिय मावशी,

तुला नमस्कार. आईला पण सांग, पण जरा छोटा, कारण निघताना ती मला "पायाला भिंगरी आहे ते ठीक, पण डोक्याला नको" असं म्हणाली होती आणि ते मी विसरलेले नाही.

तू आईकडे नीट पोचलीस हे तिच्या फोनवरून कळलं. फोनवर आपण दोघी "हं, हं" च्या पुढे कधी जात नाही, आणि आपला करार आहेच, जिथे असेन तिथून एक पत्र. तुझ्याच घरात बसून तुलाच पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. गेल्या वर्षात मी हा करार किती पाळला ते आत्ता काढायचं नाही.

तू म्हणालीस, दहाबारा दिवस घर सांभाळ, झाडांना पाणी घाल. झाडं दोन. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत काम संपलं. मग काय करू? तर मावशी, मी तुझी शिवणाची खोली करायला घेतली आहे. गुपित ठेवणार होते, पण मला गुपितं पेलत नाहीत.

मी आले त्या दिवशी तू मशीनपुढे नुसती बसली होतीस, हात मांडीवर. "हल्ली शिवण्यात मन लागत नाही गं," म्हणालीस. ते माझ्या डोक्यातून जाईना. मागे एका गावात मी टोप्या शिवणाऱ्या एका बाईकडे राहिले होते. (तिच्या मांजराला तीनच पाय होते, पण जिना उतरायला सगळ्यांत पुढे. असो.) तिच्या खोलीत पाऊल टाकलं की हातच शिवशिवायचे. सगळे रंग डोळ्यांसमोर, सगळं जिथल्या तिथे. ती म्हणायची, खोली हसरी असली की कात्री आपोआप चालते. म्हटलं, माझ्या मावशीला पण अशी खोली मिळायला हवी.

तर ऐक. भिंती आता हिरव्या आहेत, गडद, ओल्या पानासारख्या. रंगवाला म्हणाला, खोली लहान दिसेल. मी म्हटलं, लहान आहेच. दारापासून मशीनपर्यंत कमरेच्या उंचीवर हात घासून घासून जो काळपट पट्टा झाला होता, तो गेला. मशीन खिडकीला चिकटून बसलं होतं, ते खोलीच्या मधोमध आणलं, म्हणजे चारी बाजूंनी फिरता येईल. मोठी कात्री तू टेबलाच्या पायाला दोरीने का बांधून ठेवली होतीस, कोण चोरतंय? दोरी कापली, कात्री भिंतीवर खिळ्याला लावली. मापाच्या टेपला जागोजागी पिना टोचलेल्या होत्या, अगदी दयनीय. टाकून दिली, नवी पिवळी आणली. रिळं फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने लावली आहेत. बघतच राहावंसं वाटतं.

आणि सुया. त्या उशीत साठ तरी सुया असतील आणि प्रत्येकीला हातभर दोऱ्याचं शेपूट. साळिंदर पाळल्यासारखं. एक अख्खी दुपार बसून सगळे दोरे ओढून काढले, सुया लांबीप्रमाणे डबीत लावल्या, उशी धुतली आणि खिडकीत वाळत घातली. आता ती गुलाबी आहे हे कळतं.

कोपऱ्यावरची बेकरीवाली लेकीच्या लग्नाचा झगा विचारायला आली होती. पंधराला हवाच म्हणाली, हाताची शिलाई तेवढी राहिली आहे ना? मी म्हटलं, मावशी बाराला येते आणि अशा खोलीत बसली की दोन दिवसांत उरकेल.

आईला हे वाचायला देऊ नकोस, ती शुद्धलेखन तपासेल.

तुझी,
रंगाने बरबटलेली भिंगरी


ता. ७, शनिवार, दुपार

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझं उत्तर आलं. तुझं म्हणजे आईच्या अक्षरातलं. "मावशीचे हात ओले आहेत, म्हणून मी लिहिते आहे." म्हणजे माझं पत्र तिने वाचलंच. तीन चुका काढल्यात, बघितल्या.

मला वाटलं होतं, तू हिरव्या रंगाबद्दल विचारशील. एवढ्या पत्रात तुझं म्हणून एकच वाक्य आहे, "तिला म्हणावं, सुयांच्या उशीला हात लावायचा नाही." त्याखाली रेघ आहे. ती रेघ तुझी का आईची?

उशी छान आहे. खिडकीत आहे. काळजी नको.

का कोण जाणे, ते वाक्य वाचल्यापासून मी चार वेळा त्या खोलीत जाऊन आले आणि प्रत्येक वेळी काहीतरी सरळ केलं. सगळं आधीच सरळ आहे.

बाकी भेटीत. झाडं बरी आहेत.

भिंगरी


ता. १०, मंगळवार, सकाळ

मावशी,

हे पत्र मी टाकणार नाही. माझी पत्रं तुला कोण वाचून दाखवतं ते मला आता माहीत आहे, आणि यातलं काही आईच्या तोंडून तुझ्या कानावर जायला नको. पण लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही.

काल सोमवार. संध्याकाळी खालचे इस्त्रीवाले काका आले. मला वाटलं, कपडे घेऊन आले असतील. हात रिकामे. सरळ शिवणाच्या खोलीत गेले, आणि दारातच थबकले.

"हे काय?"

"हिरवा," मी म्हटलं. "आवडला?"

"उशी कुठंय?"

"धुतली."

"धुतली." ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला. "आणि दोरे?"

"काढले. सुया डबीत आहेत, लांबीप्रमाणे."

"शाबास. केर काढायला ठेवली तर हिनं घरच काढलं."

मी हसले. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "मी कशाला आलो असेन, सांग बरं. ती गुरुवारी येतेय. वापरून रिकाम्या झालेल्या सुया ओवून ठेवायला आलो. दर सोमवारी येतो. दोन वर्षं झाली."

"तुम्ही? तुमच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड."

"मला चष्म्याचा उपयोग होतो तरी. तिला कुठल्याच चष्म्याचा होत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. की तुला मधोमधचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणसाकडे बघितलंस तर कान दिसतात, चेहऱ्याच्या जागी धुकं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकेल, गेलं ते येणार नाही. सुईचं नेढं तर सोडूनच दे. पण हात शाबूत आहेत, आणि ओवलेली सुई हातात आली की तू अजून या गल्लीत कुणाला ऐकणार नाहीस.

मला एकदम बसावंसं वाटलं. बसायला खुर्ची नव्हती, खुर्चीत ते होते. मी जमिनीवर बसले.

तो काळपट पट्टा तुझ्या हाताचा होता. दारापासून मशीनपर्यंतची तुझी वाट, आणि मी तिच्यावर दोन हात रंग दिला. कात्री दोरीने बांधलेली, कारण खाली पडली तर तुला सापडत नाही. टेपवरच्या पिना तू बोटांनी मोजायचीस. मशीन खिडकीशी, कारण डाव्या गालावर ऊन लागलं की कापड सरळ आहे का तिरकं ते तुला कळतं, असं काका म्हणतात. तुला प्रसन्न वाटावं म्हणून मी या खोलीतून तुलाच उचलून बाहेर ठेवलं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुझ्या आईला कळलं तर ती हिचं दुकान बंद करून हिला घरी नेऊन बसवेल, म्हणून तिला नाही."

"आणि मला?"

"तुला सांगितलं तर तू थांबशील म्हणाली. आणि थांबलेली भिंगरी आडवी पडते म्हणाली."

मावशी, हे तू इस्त्रीवाल्याला सांगतेस आणि मला नाही.

पण तुझ्यावर रागवायचं तोंड मला नाही, आणि ते का नाही हे लिहायचं मी दोन पत्रं टाळलं. आता लिहिते. गेल्या वर्षी तुझ्या पत्रांतलं अक्षर मोठं मोठं होत गेलं, एका पानावर चार ओळी. मला वाटलं, तू मला लहान मूल समजून लिहितेस. मला राग आला आणि मी उत्तरं बंद केली. मग तू सदरा पाठवलास, निळा. त्याचा खिसा बोटभर तिरका होता. ज्या नदीकाठी मी तेव्हा राहत होते तिथल्या होडीवाल्याला मी तो देऊन टाकला. "घ्या, माझ्या मावशीचा हात गेला आता," असं म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. ते हसू कालपासून माझ्या कानात बसलंय.

आणखी एक. माझं उद्याचं तिकीट काढलेलं होतं. तू यायच्या आदल्या दिवशीचं. किल्ली काकांकडे ठेवायची, तू दार उघडशील, खोली बघून खूश होशील, आणि मी तिथे नसेन. मला असंच जमतं. लोकांची खुशी दुरून बरी वाटते, जवळून बघायला लागलं की मला पळावंसं होतं.

काल रात्र पडायच्या आत आम्ही मशीन परत खिडकीशी नेलं. काकांची पाठ धरली, त्यांनी मला दोन शिव्या दिल्या, दोन्ही तुझ्याच होत्या. कात्रीला दोरी बांधली. जुनी टेप कचऱ्यात गेली ती गेलीच. नवीला दर पाच इंचांवर एक पिन आणि दर दहावर दोन लावल्या आहेत. तुझं तसंच होतं का ते काकांना नक्की आठवत नाही. भिंतीवरचा पट्टा मला परत काढता येत नाही, म्हणून आज सकाळी दारापासून मशीनपर्यंत कमरेच्या उंचीवर लाकडी पट्टी ठोकली, चांगली घासून घेतली, कुसळ टोचणार नाही. मी डोळे मिटून पाच वेळा चालून बघितलं. चौथ्या वेळी स्टुलावर आपटले. स्टूल आता बाहेर आहे.

राहिल्या सुया.

पहिली ओळ काळी, दुसरी पांढरी, एवढं काकांना पाठ आहे. त्या दोन्ही मी ओवल्या. माझे डोळे धड आहेत तरी एकेक सुई तीनतीनदा चुकते, दोरा तोंडात धरून धरून जिभेला चव राहिली नाही. पण तिसऱ्या ओळीपासून पुढे तू स्वतः उशीवर बोट ठेवायचीस आणि रंग सांगायचीस, आणि ते टोचत जायचे.

"तुम्ही लिहून नाही ठेवलं?"

"मी इस्त्री करतो. लिहायचं काम तुझ्या घराण्यात."

"मग झग्याचा दुधी दोरा कुठल्या जागी?"

"तो कुठल्या जागी हे तिच्या बोटाला माहीत."

दुधी आणि पांढरा. मला उजेडात धरून कळतात. तुझ्या बोटाला चुकीच्या जागी पांढरा लागला, तर बेकरीवालीच्या लेकीच्या झग्यावर सगळी काठाची शिलाई वेगळी दिसेल, आणि दिसेल ती तुला सोडून सगळ्यांना. मग गल्ली काय म्हणेल ते मी होडीवाल्यापाशी म्हणून झालेलंच आहे.

फोन करावा तर आई उचलेल. अंदाजाने टोचाव्यात तर तू माझ्यावर विश्वास ठेवून उचलशील, तेच जास्त वाईट. काका म्हणतात, "तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस, तिचा मान राहू दे." मी कालपासून तसा काहीतरी रस्ता शोधते आहे आणि तो नाहीये. तिसरी ओळ तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मला विचारावंच लागेल, आणि विचारलं की कळलंच.

म्हणून असं ठरवलंय. परवा तू आलीस की चहा होईल, आणि मी हे पत्र तुला वाचून दाखवीन. होडीवाल्याच्या भागासकट. चष्मा कुठे ठेवला, हात ओले आहेत, असलं काही करायचं नाही. अक्षर मी मोठं काढलंय, पानाला चार ओळी, म्हणजे कडेच्या नजरेला एखादा शब्द तरी लागेल. तू रागावशील. उठून आत जाशील कदाचित. मला त्याचीच भीती वाटते आहे, झग्याची त्याच्या खालोखाल. तू दार लावून घेतलंस तर मी बाहेर बसेन. बसायची मला सवय नाही, पण स्टूल बाहेरच आहे.

आईला मी काही सांगणार नाही. ते तुझं तू बघ.

तिकीट परत केलं. मी कायमची राहीन असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल आणि मलाही वाटतं. येत्या सोमवारी मी इथे आहे. काकांची पाठ दुखते आहे, तेव्हा ओवणं माझ्याकडे. त्याच्या पुढच्या सोमवारचं त्याच्या आधीच्या शनिवारी विचार.

उशी तुझ्या मशीनच्या उजव्या हाताला आहे. वरच्या दोन ओळी भरल्या आहेत, खालचं सगळं रिकामं. दोरे कापून टेबलावर मांडून ठेवलेत, दुधी सगळ्यांत जवळ. तू फक्त बोट ठेव आणि सांग.

तुझ्या तिसऱ्या ओळीसाठी थांबलेली, अजून आडवी न पडलेली,
भिंगरी