टॉवेलाखालची किटली

तीर्थस्वरूप ताईस,

वाकड्यातिकड्या अक्षरात नमस्कार. (चित्रकलेच्या मास्तरचं अक्षर वाकडं येणं बरं नव्हे, पण येतंय.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. भावजींची पाठ दुखायची थांबली नसेल तर कळव, म्हणजे मला काळजीला दुसरा विषय मिळेल.

तू तुझ्या ग्रंथालयातून बाद झालेलं, माणूस शिकतो कसा यावरच्या संशोधनाचं ते पुस्तक पाठवलंस आणि माझं सुरळीत चाललेलं आयुष्य बिघडलं. सव्वीस वर्षं मी फळ्यावर फूल काढतोय आणि सातवीच्या मुली ते उतरवून घेताहेत. त्यात कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. पुस्तक म्हणतं, बघून उतरवलं की आपल्याला आलं असं नुसतं वाटतं. वस्तू झाकायची, आठवून काढायची, मग उघडून चुका ताडायच्या, आणि चार दिवसांनी थोडं विसरायला झालं की पुन्हा तेच.

म्हणून सोमवारी शिक्षकांच्या खोलीतली चहाची किटली वर्गात नेली, दोन मिनिटं बघू दिली आणि तिच्यावर टॉवेल टाकला. ताई, काय एकेक किटल्या निघाल्या! एकीला तोटीच नाही, एकीला दोन. सगळ्यात सुबक हाताची मुलगी (वहीत कधी खाडाखोड नाही) कोऱ्या कागदाकडे बघून रडायला लागली. आणि जिला मी वर्षभर 'भिंगरी' म्हणून ओरडतो, तिने झाकणावरचा पोचासुद्धा बरोब्बर काढला. इतकी वर्षं मी हुशार म्हणत होतो तरी कुणाला?

त्यात भिंगरी म्हणाली, "सर, तुम्ही पण काढा ना." काढली. टॉवेल उचलला तर माझ्या किटलीची मूठ बाजूला, खरीची वर. (ती मूठ धरून मी रोज चहा ओततो.) वर्ग खो-खो हसला आणि नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारात! माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं, "बाई, बसा, तुम्हीही काढा." मी टॉवेल परत टाकला. त्यांनी काढली, ताडून पाहिली, कागदाची चौघडी करून पर्समध्ये घातली आणि निघून गेल्या. चार दिवस मला घास गिळवेना. तुझी भावजय म्हणाली, "नोकरी गेली तर येताना किटली तरी घेऊन या."

शुक्रवारी पुन्हा किटली मांडली. मोठ्या बाई आल्या आणि थेट मागच्या बाकावर, त्या रडणाऱ्या मुलीशेजारी बसल्या. किटलीवर टॉवेल पडला. बाई काढत होत्या, खोडत होत्या. मग हळूच वाकून म्हणाल्या, "तुला झाकण आठवतंय का गं?"

"आठवतंय," मुलगी म्हणाली, "पण आधी तुम्ही काढा." आणि स्वतः काढायला लागली. खाडाखोड भरपूर, रडणं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

तुझा,
धाकटा

ता. क. : बाई खूश झाल्या, हीच पंचाईत. पुढच्या शनिवारी साठ शिक्षकांपुढे या पद्धतीवर व्याख्यान ठेवलंय. चार माणसांत माझी बोबडी वळते हे तू जाणतेसच. मी तुझं नाव सांगितलं.

आणखी ता. क. : पत्रिका छापून वाटून झाल्या. तुझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागलंय. "त्या डॉक्टर आहेत ना?" असं बाईंनी विचारलं तेव्हा मला ठसका लागला, आणि तो त्यांनी होकार धरला.