न छाटलेला ड्युरांटा

७ सप्टें., रवि.
फाटकाजवळच्या ड्युरांटाला शेवटी फळं धरली. पिवळेधमक मणी, घोसच्या घोस. अमरावतीत हे झुडूप घरोघरी आहे, पण दर महिन्याला कात्री लावून त्याचा ठोकळा करतात. मग फूल कुठून येणार आणि फळ कुठून? माळी कुरकुरतो, “मॅडम, जंगल होऊन राह्यलं.” होऊ दे.
अकोल्याहून मंदाचा फोन. “खाता येतात का?” नाही म्हटलं. “मंग काय उपयोग?” माझी धाकटी बहीण. माझ्या इंग्रजीच्या पदवीबद्दलही तिने हेच विचारलं होतं.

१३ सप्टें.
समोरच्या वैशालीची रिद्धी, सोबत तीन मुली. भुलाबाई मांडली आहे, महिनाभर घरोघरी गाणी; तिच्या मूर्तीच्या माळेला पिवळे मणी हवे होते. दिले. बजावलं, तोंडात घालायचे नाहीत, विषारी आहेत. दोनदा.
मग व्हरांड्यातच गाणी म्हटली. खिरापत द्यायला घरात काही नाही. डब्यात मारी बिस्किटं टाकली. डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखायची असते; एकदाच हलवला आणि ओळखली! नाक कापलं गेलं.

१५ सप्टें.
आज गूळपापडी, डब्यात घट्ट थापून. वाजेचना. मिठाईच्या दुकानातली सगळी नावं घेतली पोरींनी, ओळखता आलं नाही. रिद्धी म्हणाली, “मॅडम, तुमी चीटिंग करता!” मी मोठ्याने हसले. या घरात ते विचित्रच ऐकू आलं.

२१ सप्टें.
काल वैशालीकडे खिरापत शिऱ्याची. शिरा वाजत नाही, चटकन ओळखतील, म्हणून रिद्धीने वर मूठभर ड्युरांटाची फळं टाकली. खुळखुळ वाजली असणार. सगळ्या हरल्यावर डबा उघडला, आणि रिद्धीच्या धाकट्या बहिणीने, चार वर्षांच्या ओवीने, शिऱ्याआधी ती फळं खाल्ली. उलट्या, ताप, सलाईन. आज घरी आणली. बरी आहे.
बघायला गेले. वैशालीने दारातच अडवलं.
“काहून ठेवता असं जहरी झाड दारात?”
“मुलींना सांगितलं होतं मी.”
“लेकराले काय समजते? तोडून टाका.”
“तुमच्या कुंपणाला कण्हेर आहे, तीही विषारीच. ती काय प्रसादाला लावली आहे?”
दार लागलं. खरं तेच बोलले. आज बोलायचं नव्हतं.

२३ सप्टें.
गल्लीतल्या तिघी आल्या. बसल्या नाहीत. तिघींच्याही दारात ड्युरांटा आहे, छाटलेला. मी म्हटलं, झाड तेच आहे हो. “आमचं फळत नाही नं.” कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी वादविवाद शिकवला होता, असल्यांशी नाही.
मंदा: “तोडून टाक बाई. माणसं ठेवशील का झाड?” फोन ठेवला. कुठली माणसं? वीस वर्षांत फाटक उघडून कोण आलं? त्या पोरी आल्या, तेही याच झाडापायी.

२८ सप्टें.
रोज सगळीकडे गाणी. माझं घर सोडून. करंज्या केल्या होत्या. मीच खाल्ल्या. ॲसिडिटी.

५ ऑक्टो.
रिद्धी फाटकाबाहेर. आत येईना.
“आई म्हणते, झाड तोडलं तर उद्या येऊ. कोजागिरी आहे, भुलाबाईचा शेवटचा दिवस.”
“आणि तू?”
कडीशी चाळा. मग, “फळं म्या टाकली होती. मंग झाडाले काहून तोडता?”
आत घ्यायला हवं होतं तिला. “उद्या बघू” म्हटलं, वर्गात शिकवताना म्हणायचे तसं.

६ ऑक्टो., सोम.
सकाळी सगळे घोस काढले, हिरवेसुद्धा. खाली पडलेली वेचली. खड्डा करून पुरली. बुलबुल दोनदा येऊन गेला. झाड ठेवलं.
वैशालीला जाऊन सांगितलं. ओवी तिच्या कडेवर. कण्हेरीबद्दल बोलले त्याची माफीही मागितली, अर्थात कण्हेर आहेच.
“पण झाड आहे नं?”
“आहे.”
“पुढल्या साली फळं धरतीन?”
“धरतील. हिरवी असतानाच काढीन.”
“पाहू,” म्हणाली.
संध्याकाळ. दूध आटवलं, डबा भरला. गाणी गल्लीच्या त्या टोकाहून एकेक घर करत येताहेत. रिद्धीचा आवाज सगळ्यांच्या वर. आता शेजारच्या दारात आहेत. त्यानंतर माझं फाटक, नाही तर सरळ कोपऱ्यावरचं घर.