छपराला चिकटलेली वेणी

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

सोबतचा फोटो पाहून किंचाळशील, म्हणून आधीच सांगते: वेणी कापली. इथे आर्किटेक्चर कॉलेजात दर आठवड्याला घराचं नवं मॉडेल मागतात, झोपेचं खोबरं होतं. भरदुपारी वर्गात पुठ्ठ्याचं छप्पर चिकटवता चिकटवता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा वेणी गोंदात घट्ट! मैत्रिणीने कात्री चालवली, सगळे खो खो हसले. मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तू तेल लावून वाढवलेली होती ती.

पण बाबांना "परत ये" म्हणू देऊ नकोस. मी शेपूट घालून येणार नाही. आता डोळे मिटायला लागले की गोंदाची बाटली बंद. संध्याकाळी पोहायला जाते; आखूड केस पटकन वाळतात! मार्क थोडे कमी पडतील, पण पास होणारच.

तुझी कंबर कशी आहे? दादा वेळेवर जेवतो ना?

छपरात माझे चार केस अजून अडकलेत. सर म्हणाले, "हे काढून टाक."

मी म्हटलं, "राहू देत, सर. या घरात कुणीतरी राहतं, हे कळू दे."

तुझी आखूड केसांची,
ठकी