गिरणीच्या चिमणीतला धूर

ता. ९ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. गल्लीत आता चारच घरांत दिवे लागतात. शाळेला कुलूप लागलं, न्हावीसुद्धा गेला. तुझी आईच माझे केस कापते आणि मी आरशात बघत नाही.

तुम्ही गाव सोडल्यापासून जावईबापूंचं शिलाईचं दुकान बंदच आहे. दारावर लिहिलेलं ‘बाहेरचे’ मी घासून काढलं, तरी अजून दिसतं.

जावईबापूंना हाकलायला ती माणसं तुमच्या दारात आली तेव्हा मी घरात बसून राहिलो, म्हणून तू बोलत नाहीस. पण मी केलंय ते त्याहून वाईट आहे.

साहेबांची निवडणुकीची सभा आठव. बारा वर्षं बंद पडलेल्या कागद गिरणीच्या चिमणीतून धूर निघाला आणि सगळं गाव रस्त्यावर आलं. साहेब मंचावरून म्हणाले, “ही सुरुवात आहे. बाहेरच्यांनी खाल्लेलं काम तुम्हाला परत देतो.”

तो धूर मी काढला, ताई.

बॉयलरच्या नळ्यांची गंजून चाळण झालीय. साहेबांचा माणूस म्हणाला, “काका, नुसता धूर पाहिजे. तुमच्याशिवाय कोणाला जमणार?” बारा वर्षांत मला असं कोणी म्हणालं नव्हतं. मी हुरळलो. भट्टीत जुने टायर टाकले, ओली लाकडं टाकली आणि हवा कोंडली. बॉयलर नीट चालला तर धूर जेमतेम दिसतो. काळा धूर ही बॉयलरवाल्याची लाज. आमच्या फोरमनलाही हे ठाऊक, तरी तो चिमणीकडे बघून ढसाढसा रडला.

मतही मी साहेबांनाच दिलं. बाहेरचे म्हणजे आपले जावईबापू नव्हेत, अशी मनाची समजूत घातली.

साहेब निवडून आले, गिरणी काही उघडली नाही. लोकांच्या हाती राग तेवढा उरला आणि महिन्याभरात तो तुमच्या दाराशी आला.

तुझी आई म्हणते, “लिहू नका, पोर कायमची तुटेल.” ती खरंच बोलत असेल. पण तुला खोटं सांगून जवळ ठेवण्याची मला आता हिंमत नाही.

हे पत्र जावईबापूंना वाचून दाखव. मला बाबा म्हणायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा. तोवर खाली हुद्दाच लिहितो.

बॉयलरवाला