विषयांतर

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

मला मरणाचं काम मिळालं आहे. सकाळी अकरा ते एक. चहा-बिस्किट कॉलेजकडून.

सिद्धेश्वरी मॅडमचा फोन आला होता. सहा वर्षांपूर्वी बायको, काशम्मा, वॉर्डात होती तेव्हा त्या तिथं सिस्टर होत्या, आता नर्सिंग कॉलेजात शिकवतात. म्हणाल्या, "सर, आम्हाला वयस्कर माणसं पाहिजेत. खोटे पेशंट व्हायला." म्हटलं, खरा व्हायला फार दिवस राहिले नाहीत, तोवर खोटा होतो. हसल्या नाहीत. या गोष्टीला नर्सनं हसायचं नसतं बहुतेक.

विषय आहे रुग्णाची आध्यात्मिक काळजी. मॅडम म्हणतात, इंजेक्शन येतं, सलाइन येतं, सगळं येतं पोरांना. पण पेशंट म्हणाला, "सिस्टर, मी जगतो का नाही?" — की उशी नीट करतात आणि पळतात. ते न पळणं शिकवायचं आहे.

न पळणं. दिवसभर तोंडात घोळतो आहे हा शब्द.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

भूमिकेचं कार्ड मिळालं. मी मडिवाळप्पा. वय बहात्तर, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो. पोटाचा कॅन्सर. देवावर रुसलेला.

गिरणी वाचलं आणि कानात भोंगा वाजला. आमच्या शाळेत ऐकू यायचा. तो वाजला की अर्धा वर्ग खिडकीकडे बघायचा, कारण कुणाचा ना कुणाचा बाप सुटलेला असायचा. अशा वेळी मी पुस्तक मिटून कविता घ्यायचो. चालीवर. चाळीस पोरं एका सुरात, बाकांवर बोटांचा ठेका... मराठीच्या तासाला शेजारच्या वर्गातलं गणितसुद्धा थांबायचं.

मग कार्डाची शेवटची ओळ वाचली. 'घरच्यांनी रुग्णाला आजाराचं नाव सांगितलेलं नाही.'

मॅडमना विचारलं, ही ओळ काढता येईल का? म्हणाल्या, "सर, वॉर्डात आम्ही रोज हेच बघतो. तीच ओळ काढली तर शिकवू काय?"

जेवण गेलं नाही. भाकरी तशीच झाकून ठेवली.

रविवार, २३ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय.

काशम्माला मी चार महिने आम्लपित्त सांगितलं. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन खरं काय ते सांगितलं, आणि आत येईपर्यंत मी शब्द ठरवला होता. पुण्याला राजश्रीला फोनवर बजावलं — आईसमोर एक अक्षर नको. पोरगी म्हणाली, बाबा, तिला सांगायला हवं. मी म्हटलं, तू आई आहेस का मी नवरा आहे? काय बोललो ते माझं मलाच कळलं नाही. 

काशम्मा अक्कलकोटकडची. माझ्याशी मराठीत बोलायची, दुखायला लागलं की कानडी. कळ ओसरली की माझा हात धरून विचारायची, "ननग एनागेद री?" मला काय झालंय हो? आणि मी खुर्ची ओढून कविता म्हणायला लागायचो. चौथीच्या पुस्तकातली, सातवीच्या पुस्तकातली, जी आठवेल ती. शेजारच्या कॉटवरचे ऐकायचे. म्हणायचे, नशीबवान बाई, मास्तर नवरा मिळाला. ती डोळे मिटून घ्यायची.

पुढं तिनं विचारायचं सोडलं. मला वाटलं, बरं झालं.

कुणाला भेटायचं होतं, कुणाला काय सांगायचं होतं, भीती वाटत होती का — काही माहीत नाही मला. मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

सोमवार, ३ मार्च

आज सराव. हिरवा पडदा, एक कॉट, मी. पोरं एकेक करून आत.

यशपाल म्हणून एक उंच पोरगा आहे, माढ्याकडचा. हातात फॉर्म. घाम पुसत म्हणाला, "काका, तुमचं अध्यात्मिक काय दुखतंय?"

मी म्हटलं, "आध्यात्मिक. अ ला काना."

पडद्यामागून मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही मरताय. शुद्धलेखन नको."

सगळा वर्ग हसला, यशपाल सगळ्यात जास्त. मग म्हणाला, "काका, हा प्रश्न लई अवघड हाय. 'तुम्हाला बळ कशातून मिळतं?' आमच्या आज्जीला विचारला तर ती म्हणाली, भाकरीतून." मी सांगितलं, आजीला पूर्ण गुण.

समरा नावाची मुलगी आहे. ती फॉर्म बघत नाही, आपल्याकडे बघते. मला जरा अवघडल्यासारखं झालं.

गुरुवार, ६ मार्च

परीक्षा झाली. काय झालं ते नीट लिहितो.

प्रत्येकाला आठ मिनिटं, मग घंटा. पडद्याआड मी आणि विद्यार्थी, तिसरं कुणी नाही. नंतर वीसपैकी गुण पेशंटनं द्यायचे, दहाच्या खाली नापास. समोर शेऱ्याची रिकामी ओळ.

पाच जण छान गेले. मी मडिवाळप्पा झालो, देवावर रागावलो, दोघांजवळ रडलोसुद्धा. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

सहावी समरा. रोजे चालू आहेत, ओठ सुकलेले. खुर्ची जवळ घेऊन बसली. "काका, घरचे काय म्हणतात तुम्हाला?" कार्डाप्रमाणं मी म्हणायचं होतं — बरा होशील म्हणतात. तोंडातून आलं, "मास्तर काही सांगत नाहीत."

गिरणीतल्या माणसाच्या घरी मास्तर कुठून आला? मला ऐकू येत होतं मी काय बोलतोय ते. थांबता येत नव्हतं. "कविता म्हणतात नुसत्या," म्हणालो. आणि मग काशम्माच्या आवाजात, तिच्याच हेलात — "ननग एनागेद री?"

समरानं फॉर्म मांडीवर पालथा ठेवला. पेनाला टोपण लावलं. काका नाही, सर म्हणाली. "सर, हे कार्डावरचं नाही ना? थांबायचं का आपण? का मी नुसती बसू?"

 ती बसली. पडद्याच्या कड्या मोजत होतो मी. अठरा आहेत. जाताना तांब्यातलं पाणी ओतून पेला माझ्या हातात दिला. स्वतः पहाटेपासून थेंबभर न प्यालेली.

ती गेली आणि मला राग आला. चोरी उघडी पडल्यावर येतो तसा. कागद ओढला. वीसपैकी पाच. शेरा — विषयांतर.

चौतीस वर्षं निबंधांवर लिहिला हा शब्द. अक्षर जराही हललं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

दोनदा चहा केला. दोन्ही वेळा बेसिनमध्ये ओतला.

रविवार, ९ मार्च

घरात बसवेना. नवी पेठेत जाऊन आलो. काही घ्यायचं नव्हतं. एका दुकानात शिरलो, काय पाहिजे विचारल्यावर रुमाल म्हणालो. घरी सात आहेत.

चालता चालता स्वतःशी भांडत होतो. नियमानं मी बरोबर आहे. फॉर्ममध्ये बारा प्रश्न, तिनं चारच विचारले. फॉर्म पालथा ठेवला म्हणजे पेपर कोरा. कोऱ्या पेपरला पाच दिले, ते दयेचेच की!

मग उगीच एक पोरगं आठवलं. विणकराचं, घरी तेलुगू बोलणारं. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात त्यानं ढग लिहिले नाहीत, मोर लिहिला नाही. छप्पर गळून मागावरचं सूत भिजलं आणि बाप कोपऱ्याकडे तोंड करून बसला, एवढंच दोन पानं. त्यालाही मी विषयांतरच लिहिलं होतं. त्यानं वही दप्तरात घातली आणि मग दहावीपर्यंत मोर लिहीत राहिला.

मंगळवार, ११ मार्च

यशपाल रस्त्यात भेटला. गाडी थांबवून म्हणाला, "सर, मी पास. तेरा." मग खाली बघत, "समरा तेवढी लटकली. वर्गात एकटीच."

म्हटलं, "मॅडमनी काय विचारलं तिला?"

"विचारलं की. काय विषयांतर केलंस गं म्हणून. तर म्हणाली, मीच प्रश्न विसरले, घाबरले. सर, ती घाबरणारी न्हाय. रक्ताची उलटी बघून आमी बाहेर पळतो, ती भांडं घेऊन उभी राहती." गाडीला किक मारता मारता म्हणाला, "तुमी लई कडक, सर."

तिनं माझं नाव घेतलं नाही. मी मात्र तिला नापास केलं.

बुधवार, १२ मार्च

कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. समरा आली. मी शेंगांचे लाडू नेले होते.

"रोजा आहे, सर. द्या, संध्याकाळी सोडताना खाते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा दिवसांपूर्वीच तर पाहिलं होतं.

विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "काय सांगू? ते तुम्ही पेशंट म्हणून बोललात का तुम्ही म्हणून, मला कळलं नाही. दोन्हीकडून ते बाहेर सांगायचं नसतंच. पहिल्याच तासाला शिकवलंय."

"आणि तुझं नुकसान?"

तिनं लाडू पिशवीत ठेवले. मग हिशेब सांगावा तसं सांगितलं. नापासाला एप्रिलमध्ये कॅन्सर वॉर्ड मिळत नाही. पुढची फेरी सप्टेंबरला. कोर्स सहा महिने पुढं. जेऊरच्या एका दवाखान्यात जूनपासून तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे, ती जाणार. "अब्बांना अजून सांगितलं नाही. ईद होऊ दे म्हटलं."

जाता जाता वळली. "सर, त्या कोण होत्या, विचारत नाही मी. पण कुणाला तरी सांगा तुम्ही."

गुरुवार, १३ मार्च

होळी. बाहेर पोरं बोंबलतायत, आत माझं डोकं.

एक युक्ती सुचली आहे. पाचाच्या मागं एक लिहायचा राहिला म्हणायचं. पंधरा लिहायचे होते, म्हातारा माणूस, हात चुकला. मुलगी पास, मी मोकळा, काशम्माचं नाव कुठं येत नाही. मॅडम मान्य करतील. माझ्या वयाकडे बघून सगळेच मान्य करतात हल्ली.

सकाळपासून चार वेळा सदरा घातला आणि काढला.

शनिवार, १५ मार्च

गेलो. मॅडम एकट्याच होत्या. बसण्याआधीच म्हणून टाकलं — "आकडा चुकला. पंधरा हवेत."

त्यांनी फाइल उघडून कागद माझ्यासमोर सरकवला. "आणि सर, शेरा?"

शेऱ्याचा विचारच केला नव्हता मी. पंधरा गुणांच्या शेजारी विषयांतर कसं बसणार? तिथं ते होतं, माझ्या वळणदार अक्षरात, पोटफोड्या ष सकट.

मग सांगितलं. सगळं. चार महिने, आम्लपित्त, कविता, कॉटवरचा माझा घसरलेला आवाज. पोरीनं ओळखलं, ती पळाली नाही, मी पळालो.  मॅडम खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणून बसल्या.

शेवटी म्हणाल्या, "प्राचार्यांना लेखी लागेल, सर. फाइलला राहील ते. चार लोक वाचतील. चालेल?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. जेऊर आठवलं. म्हटलं, कागद द्या.

आयुष्यभर पोरांना सांगितलं, सुरुवातीला एखादी काव्यपंक्ती घ्या. मी घेतली नाही. 'माझी पत्नी काशम्मा हिला मी तिचा आजार सांगितला नाही. तिला शेवटपर्यंत कळले नाही. परीक्षेत मी तिचे बोलणे बोललो. समरा हिने ते ओळखले व योग्य तेच केले. मला लाज वाटून मी तिला कमी गुण दिले.' खाली सही. वाचून बघितलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

समराची परीक्षा परत घेतली. पेशंट दुसरे होते. मला बोलावलं नाही, बरोबरच आहे. पास. एक एप्रिलपासून वॉर्ड.

यशपालचा फोन — "सर, लाडू संपले म्हणती ती."

वाटलं होतं, आता स्वस्थ वाटेल. दुपारभर व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. समराचं निस्तरलं. काशम्माचं कसं निस्तरू? तिला विचारायला कुणाच्या दारात उभं राहू?

गुरुवार, २० मार्च

सिद्धेश्वरी मॅडमचा फोन. "सर, तुमच्या कागदातलं एक वाक्य चुकलंय. फाइलला लावायच्या आधी दुरुस्त करून द्या."

म्हटलं, शुद्धलेखन?

"नाही. 'तिला शेवटपर्यंत कळले नाही' हे."

मग म्हणाल्या, "पेशंटचं गुपित होतं, म्हणून सहा वर्षं बोलले नाही. पण आता तुम्ही चुकीचं लिहून सही केलीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सरळ विचारलं. मला खोटं बोलवलं नाही. तुम्ही जेवायला घरी गेलात की अक्कलकोटला भावाला, बहिणीला फोन मीच लावून द्यायचे. सगळ्यांशी बोलून झालं होतं त्यांचं. मी म्हटलं, मास्तरांना सांगू का, तुम्हाला माहीत आहे म्हणून? तर म्हणाल्या, नको गं. कविता म्हणतात तोवर रडत नाहीत ते. म्हणू दे."