ब्लाऊजच्या पिशवीतला खेळ

१२ जानेवारी
मोबाइलवरचा खेळ पूर्ण झाला. आईनं शिलाई मशीन न थांबवता विचारलं, ‘मग मिळणार कुठं हे?’ दीड वर्ष बनवत होते, आणि लोकांपर्यंत न्यायचा कसा, हे अजून खरंच माहीत नाही.
ठरलेलं एवढंच: फुकट, जाहिराती नाहीत, आणि आईला खेळता आला पाहिजे. तिला वाचता येत नाही. गिऱ्हाइकाचं माप ती दोऱ्याला गाठी मारून ठेवते, दोरा खिळ्याला. खेळातही तेच. बाई येते, बोलते, आपण गाठी मारायच्या. पुन्हा आली की तिचा दोरा ओळखायचा. सगळ्या बायकांचे आवाज आईचेच.

१५ जानेवारी
समोरच्या शमीमचाचींना व्हॉट्सअ‍ॅपवर खेळाची फाइल पाठवली. फोननं धोक्याची सूचना दाखवली. चाची जिन्यातूनच ओरडल्या, ‘पोरी, बँक रिकामी करतीस काय माझी?’ फाइल डिलीट.
अनोळखी फाइल उघडू नका, हे मीच शिकवलेलं त्यांना.
आईच्या फोनवर तर जागाच नाही.

२० जानेवारी
पुण्याच्या एका कंपनीला खेळ पाठवून बघितला होता, त्यांचा मेल (यापुढे पु. कं.). अ‍ॅप-स्टोअरवर ते टाकतील, देशभर पोचवतील. अटी: आवाज काढून त्या जागी मजकूर. आकार निम्मा, भाषा बदलणं सोपं. दुसरीकडं कुठंही ठेवायचा नाही. उत्तर ३० पर्यंत.
आईला सांगितलं. ‘काढ की मग! माझा आवाज काय सोन्याचा हाय? पुण्या-मुंबईला जाऊ दे.’
दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हेच.

२३ जानेवारी
आवाज काढून खेळ माझ्या फोनवर आईच्या हातात दिला. पहिली बाई आली, तोंड हललं, खाली अक्षरं. आई थांबली. मग फोन माझ्यापुढं धरला, ‘ही काय म्हणती गं?’
वाचून दाखवलं. दुसरी आली, पुन्हा फोन माझ्याकडं. तिसरीला म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, भात लावायचाय.’
भात झालेला होता.

२७ जानेवारी
वेब पेज करून बघितलं. इन्स्टॉल नाही, लिंक उघडली की खेळ. एकेका बाईचा आवाज लागेल तसा उतरतो. आईच्या फोनवर चालला! तिनं चुकीचा दोरा दिला, खेळातली बाई तिच्याच आवाजात खेकसली, ‘डोळं कुठं हायत गं तुझं?’ आई तिला: ‘गप, देते की!’
लिंक टाइप कोण करणार पण? क्यूआरची चिठ्ठी छापून ब्लाऊजच्या पिशवीत.

२८ जानेवारी
पहिल्याच पिशवीत घोळ. चाचींनी चिठ्ठी पैसे पाठवायच्या अ‍ॅपनं स्कॅन केली. ‘अगं, ह्याच्यावर पैसेच जाईनात!’
आई: ‘पैसे दिलायसा की मगाशी! खेळ हाय त्यो.’
चिठ्ठीवर आता कॅमेऱ्याचं चित्र. शब्द नाहीत.
चाची पायरीवर बसून तासभर खेळल्या. ‘ही भांडणारी मीच न्हवं?’ आईची मान कापडात.

३० जानेवारी
पेज सगळ्यांना खुलं केलं. आज चार पिशव्या गेल्या, चारींतही चिठ्ठी. कोण उघडेल, कोण टाकून देईल…
शेवटची पिशवी बांधताना आई म्हणाली, ‘पुण्याला कवा जाणार मग खेळ?’
तिला अजून सांगितलेलं नाही. पु. कं.ला नकाराचा मेल सकाळीच गेलाय.