दानियलच्या मनगटावरची दोरी परत मागू नये याबाबत

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
दिव्यांग धावपटू साहित्य कक्ष,
नंदुरबार.

विषय : मार्गदर्शक दोरी (नग एक) कबरीतून परत न मागणे व अर्जदारास आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निवड चाचणीत धावू देणे.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे दुसरे स्मरणपत्र.
२) लिपिक हिलालभाऊ यांनी खिडकीतून तोंडी सांगितलेले.

अर्जदार : लखन दलपत गावीत, मु. टेकपाडा, ता. नवापूर.

महोदय,

१. अर्जदार जन्मापासून पूर्ण अंध असून त्याच गटात पुरुषांची शंभर मीटर धावतो. या गटात धावपटूच्या शेजारी एक डोळस माणूस धावतो, त्याला मार्गदर्शक म्हणतात. दोघांच्या मध्ये वीतभर दोरी असते. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. मार्गदर्शकाने ओढायचे नाही, ढकलायचे नाही, आणि शेवटच्या रेषेवर धावपटूच्या मागे राहायचे. थोडक्यात, रस्ता सगळा त्याने बघायचा आणि पोचायचे दुसऱ्याने. अर्जदाराच्या बाबतीत हे काम दानियल वसावे करीत असे. तो शेजारच्या घरातला, अर्जदाराच्याच वयाचा.

२. शाळेत बाकीची मुले अर्जदाराला हाताला धरून, अंड्यासारखी जपून नेत. दानियल पहिल्याच दिवशी म्हणाला, "पळ. पडलास की सांगतो तुला, पडलास म्हणून." (तो हे घरच्या बोलीत म्हणाला. अर्जात बसावे म्हणून मराठीत केले आहे. मूळ वाक्यात आणखी एक शब्द होता, तो प्रिस्किला लिहीत नाही.) प्रिस्किला ही दानियलची धाकटी बहीण. हा अर्ज अर्जदार सांगतो आहे आणि ती लिहिते आहे.

अर्जदार पळाला आणि पडला. दानियलने तसे सांगितले. पुढची सगळी वर्षे त्यांचा सराव साधारण याच पद्धतीने झाला.

३. गेल्या वर्षी दोघे देशाबाहेर आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेले. तिथे धावण्यापूर्वी अर्जदाराच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधण्यात आली, न जाणो थोडेफार दिसत असेल म्हणून. अर्जदाराने हरकत घेतली नाही. दानियलने मात्र पंचांना मराठीत विचारले, "साहेब, मलापण बांधता का? म्हणजे बरोबरी होईल." पंच हसले नाहीत. त्यांना मराठी येत नसावे.

अंतिम फेरीत अर्जदार चौथा आला. अंतिम फेरीत चौघेच असतात, कारण प्रत्येक जोडीला दोन पट्टे लागतात. गावाने 'जगात चौथा' एवढेच ऐकले आणि पुढची चौकशी केली नाही. दानियलनेही करू दिली नाही.

धावताना तो सारखा बोलत असे. सरळ, सरळ, डावीकडे नको, आता छाती काढ. शर्यत संपली की मैदान कसे आहे तेही सांगे. त्या दिवशी तो म्हणाला, "लख्या, माणसं उभी राहिलीत. खांद्यावर पोरं घेतलीत. सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे बघायलासुद्धा एवढी गर्दी नसते." नंतर संघातल्या एकाने सहज सांगितले की दुपारची वेळ होती आणि खुर्च्या बहुतेक रिकाम्याच होत्या. अर्जदाराने दानियलला याचा जाब विचारला नाही. विचारायचा होता. सवड आहे असे वाटले.

४. मार्गदर्शकाला आपल्या कक्षाकडून काही मिळत नाही, कारण तो खेळाडूही नाही आणि साहित्यही नाही. म्हणून दानियल हिवाळ्यात गुजरातेत ऊसतोडीला जाई. जाताना अर्जदाराला ताकीद देई, "मी येईपर्यंत पळू नको, नुसता खा." या फेब्रुवारीत उसाची ट्रॉली उलटली. दानियल खाली होता.

निरोप आला तेव्हा अर्जदार खात होता.

५. सरकारी दोरी कबरीत कशी गेली, हा आपल्या स्मरणपत्रातला मुख्य प्रश्न आहे. दानियल ती नेहमी डाव्या मनगटाला गुंडाळून ठेवी. ऊस तोडतानाही तिथेच असे, इकडेतिकडे ठेवली तर मुकादम कोयत्याच्या मुठीला बांधील म्हणून. दवाखान्यातून सामान मिळाले त्या पिशवीत ती होती. आमच्या डोंगरात माणसाला पुरताना त्याची हातातली वस्तू त्याच्यासोबत देतात. दानियलचे घर ख्रिस्ती असल्याने पाळकसाहेबांना हे पसंत नाही. ते म्हणाले, माणूस आला तसाच जातो. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले, तेवढ्यात दानियलची आई रूपीबाई हिने दोरी मुलाच्या मनगटाला बांधली. डोळे उघडे असलेली तिथे ती एकटीच होती. गाठ मारल्याचा आवाज फक्त अर्जदाराने ऐकला.

नंतर तिने अर्जदाराला सांगितले, "तिकडे हात मोकळा राहिला तर ह्याला चैन पडायचं नाही रे."

दोरी शासनाची आहे हे तिला माहीत नव्हते. अर्जदाराला माहीत होते. त्याने त्या वेळी शासनाचे हित पाहिले नाही.

६. साहित्य जमा केल्याचा दाखला नसेल तर नवी दोरी नाही, आणि दोरी नसेल तर निवड चाचणीत नाव नाही, असा आपला नियम आहे. अर्जदार दोनदा कक्षात आला. हिलालभाऊ माणूस चांगला आहे. त्यांनी चहा पाजला, पंखा अर्जदाराकडे वळवला आणि म्हणाले, "भाऊ, दानियल मरी गया हाई माले समजनं. पन दोरी ते मरनी नही ना. ती कोठे शे?"

अर्जदाराने कोठे आहे ते सांगितले. त्यावर हिलालभाऊंनी रजिस्टर उघडले. मग त्यांनी वस्तू परत न येण्याची मान्य कारणे वाचून दाखवली. त्या कारणांबाबत खुलासा असा :

हरवली म्हणावे तर पोलिसांचा दाखला लागतो. ठाण्यातले साहेब म्हणाले, कुठे आहे ते तुम्हीच सांगता, मग हरवली कशी? निघा आता. चोरीस गेली म्हणावे तर चोर म्हणून रूपीबाईचे नाव द्यावे लागते. अर्जदाराने तिच्या घरचे जेवण खाल्ले आहे आणि अजून खातो. खराब झाली म्हणावे तर खराब झालेला नग दाखवावा लागतो. दुसऱ्यास दिली म्हणावे तर घेणाऱ्याची सही लागते. इथे हिलालभाऊंनी स्वतःच रजिस्टर मिटले आणि म्हणाले, "जाऊ दे. साहेबले अर्ज लिख. अन् लांब लिख, म्हंजे ते वाचतीन नही, सही करी देतीन."

आपण वाचत असाल तर हिलालभाऊंवर रागावू नये. ते चांगल्या मनाने बोलले.

७. दरम्यान कक्षाने अर्जदारास नवा मार्गदर्शक सुचवला आहे. सारंगखेड्याकडचा पवन. पोरगा पळायला जोरदार आहे, मनाने सरळ आहे. त्याच्या घरी घोडे आहेत. लहानपणापासून तो लगाम धरून घोड्याच्या बाजूने पळतो, म्हणून त्याचे नाव सुचवले गेले असावे. पहिल्या दिवशी दोघांमध्ये दोरीऐवजी रुमाल धरला. सुरुवातीला पवनने जिभेने टक् टक् केले. मध्यावर म्हणाला, "चाल रे मन्हा राजा." शेवटी रेषेवर त्याने रुमाल असा खेचला की अर्जदार जागच्या जागी थांबला. पवन फार ओशाळला. अर्जदाराने त्याला सांगितले की घोड्यापेक्षा वाईट वागवलेले नाही, हरभरे मिळाले नाहीत एवढीच तक्रार.

पवनला जमेल. तो ओढणे सोडील. पण दुसऱ्या फेरीनंतर अर्जदार दम खात उभा होता आणि त्याने सवयीने विचारले, "किती माणसं आलीत?" पवनने इकडेतिकडे पाहिले आणि खरे ते सांगितले. "कोनी नही, भाऊ. एक म्हैस शे."

अर्जदार त्या दिवशी पुढे पळाला नाही.

८. अर्जाचे मागणे इथपर्यंत असे होते, की दोरी निर्लेखित करावी. निर्लेखन म्हणजे वस्तू निरुपयोगी ठरवून नोंदीतून काढणे. अर्जदाराने तसे सांगितले आणि प्रिस्किलाने पेन खाली ठेवले. ती म्हणाली, "निरुपयोगी मी लिहायची नाही. आईला वाचून दाखवावं लागेल." अर्जदार म्हणाला, ही कचेरीची भाषा आहे. ती म्हणाली, "मग कचेरीनं येऊन लिहावी." यात थोडा वेळ गेला. रूपीबाईने दोघांपुढे भाकरी ठेवली आणि कशावरून भांडता विचारले. कोणी सांगितले नाही.

नंतर अर्जदाराने विचार केला. आपल्या जडवस्तू नोंदवहीत दोरीला क्रमांक आहे. शिट्टीला आहे. हिलालभाऊ ज्या स्टुलावर पाय ठेवतात त्यालाही आहे. दानियल आपल्याकडे सहा वर्षे येत होता, दर वेळी अर्जदाराला आत पाठवून स्वतः बाहेर पायरीवर बसे, आणि त्याचे नाव कुठल्याही पानावर नाही. परदेशातल्या निकालपत्रकात ते होते, असे म्हणतात. इथे नाही.

म्हणून मागणे बदलले आहे. दोरी निर्लेखित करू नये. ती 'वापरात' दाखवावी आणि वापरणाऱ्याच्या रकान्यात 'दानियल वसावे, मार्गदर्शक धावपटू' असे लिहावे. घेणाऱ्याची सही लागत असेल तर रूपीबाई अंगठा देण्यास तयार आहे. तिला कारण सांगितलेले नाही, फक्त दानियलच्या कामाचा कागद आहे म्हटले. ती म्हणाली, दोन्ही हातांचे घ्या.

असे झाले तर दोरीचा हिशेब लागतो, अर्जदाराला दाखला मिळतो, आणि तो पवनसोबत चाचणीत धावू शकतो. अर्जदाराला धावायचे आहे. पूर्वी तो कशासाठी धावत होता ते त्याला नीट सांगता आले नसते. आता एवढेच सांगता येते, की पळताना उजव्या बाजूला कोणीतरी दम टाकत असतो आणि तेवढा वेळ तो कोण आहे हे पक्के ठरवावे लागत नाही. प्रिस्किला म्हणते, असे अर्जात लिहीत नाहीत. अर्जदार म्हणतो, लिही.

९. नोंद करण्यापूर्वी आपणास प्रत्यक्ष पाहणी करणे आवश्यक वाटल्यास अवश्य यावे. खणू मात्र नये. जीप चर्चपर्यंत येते. तिथून कबरस्तान चढावर आहे, वाट अरुंद आहे आणि पावसाने निसरडी झाली आहे. अर्जदार तिथे रोज जातो, तेव्हा तो पुढे चालेल. साहेबांनी त्याच्या शर्टाचे टोक धरून मागून यावे. दगड आला की तो सांगेल.

वर पोचल्यावर दोरी दिसणार नाही. अर्जदारानेही ती कधी पाहिलेली नाही.

आपल्या कक्षाला एक नग देणे लागणारा धावपटू,

(सही)
लखन दलपत गावीत
सहीची जागा प्रिस्किलाने बोट धरून दाखवली.

सोबत :
१) अर्जदाराचे अंधत्वाचे प्रमाणपत्र.
२) दानियल वसावे यांचा मृत्यूचा दाखला.
३) रूपीबाई यांचे अंगठे, दोन्ही हातांचे.